मनाचा पंचनामा : पन्हाळा ते पुणे

पन्हाळ्याला येणारा प्रवासी तीन दरवाजा, अंबरखाना आणि अंधारबाव पाहून झाल्यावर बहुधा सज्जाकोठीपाशी येऊन थांबतो. दरीवर झुकलेली ही दुमजली, आदिलशाही घाटाची इमारत. वरच्या सज्जातून खालचा मुलूख लांबवर दिसतो, वाराही चांगला लागतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे. तेव्हापासून इथली वर्दळ आणखी वाढली आहे. वाटाडे सांगतात की संभाजी महाराजांना इथेच नजरकैदेत ठेवले होते. ऐकणारा क्षणभर गंभीर होतो आणि पुढे जातो. मला मात्र या कोठीपाशी नेहमी एक प्रश्न पडतो. एखाद्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते मन ठिकाणावर आहे की नाही, याचा निर्णय राज्यसत्ता कशाच्या आधारे करते? आज सरकारी पैशाने मेंदूचे संशोधन होते, मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख न्यायालयात मांडले जातात, आणि हे सारे अगदी नवे आहे असे आपण समजतो. यंत्रे नवी आहेत. प्रश्न मात्र या गडाइतका नसला तरी बराच जुना आहे.

दिलेरखानाच्या छावणीतून १६७९ च्या अखेरीस परतल्यावर संभाजी महाराज पन्हाळ्यावर आले. जानेवारी १६८० मध्ये पितापुत्रांची भेट इथेच झाली, आणि त्याच एप्रिलात शिवाजी महाराजांचे निधन झाले तेव्हा युवराज याच गडावर होते. त्या काळात संभाजी महाराजांच्या मनात काय होते यावर पुढे शतकभर नव्हे, सव्वाशे वर्षांनंतरही लिहिले गेले. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यातील संभाजी क्रोधी, व्यसनी आणि अविचारी आहे. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता, ही गोष्ट वाचकाला बखर सांगत नाही असे नाही. पण त्या वर्णनाचा आणि त्या दंडाचा संबंध जोडून पाहण्याची सवय मराठी वाचकाला बरीच उशिरा लागली. वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ १९६० साली आणि डॉ. कमल गोखले यांचा १९७१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे कागदपत्रांच्या आधारे त्या मनाची दुसरी बाजू दिसू लागली. मधल्या काळातील नाटके आणि कादंबऱ्या बखरीच्या निदानावरच पोसल्या गेल्या होत्या.

याच गडावरचे दुसरे उदाहरण कमी परिचित आहे. ताराबाईंनी पन्हाळ्याला आपली गादी उभी केली आणि पुत्र शिवाजी यांच्या नावाने कारभार चालवला. १७१४ मध्ये राजसबाईंच्या पक्षाने सत्ता हस्तगत करून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले. हा तरुण राजा १७२६ मध्ये कैदेतच वारला. जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांत त्याचा उल्लेख बुद्धीने दुबळा, वेडसर असा येतो. आणि तेच ग्रंथ त्याचा मृत्यू १७१२ सालीच घडवून आणतात. ज्याच्या मरणाचे सालही ज्यांना नीट ठाऊक नव्हते, त्यांना त्याच्या बुद्धीची प्रत मात्र नेमकी ठाऊक होती! तो खरोखरच मंदबुद्धी होता की नव्हता, हे आज ठरवता येणार नाही. एवढे मात्र दिसते की पदच्युत राजाचे वेडेपण ही त्याला पदच्युत करणाऱ्यांच्या आणि त्यांच्यावर विसंबून लिहिणाऱ्यांच्या फार सोयीची गोष्ट असते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली. गादी तीच राहिली. आणि शंभर वर्षांनी त्याच गादीवर, त्याच नावाच्या आणखी एका तरुणाच्या मनाचा प्रश्न उभा राहिला. या वेळी बखरकारांच्या जागी डॉक्टर, पोलिटिकल एजंट आणि वर्तमानपत्रे होती.

कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यानंतर १८७१ मध्ये एका आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले. हे चौथे शिवाजी महाराज. कारभार ब्रिटिश देखरेखीखाली, शिक्षणही ब्रिटिश देखरेखीखाली. मुलगा वयात येऊ लागला तसे त्याच्या वागण्यात बिघाड असल्याचे सांगितले जाऊ लागले आणि अखेर त्याला राज्यकारभारास अपात्र मानण्यात आले. १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले.

पुण्यात त्या वेळी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन नवी पत्रे वर्षभराची होत होती. कोल्हापूरचा राजा वेडा नसून त्याला छळून वेडा केले जात आहे, आणि यामागे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप त्यांतून झाला. पुराव्यादाखल काही पत्रे पुढे आली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. जामिनाची रक्कम उभी करण्यासाठी महात्मा फुल्यांनी रामशेठ उरवणे यांच्याकरवी मदत केली होती, ही त्या काळच्या पुण्याची एक सुखद आठवण. २६ ऑक्टोबरला दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले; आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते.

शाळेच्या पुस्तकांत ही कथा इथे संपते, कारण ती टिळक-आगरकरांची कथा म्हणून सांगितली जाते. ज्याच्या मनावरून हा खटला झाला, त्या राजाचे पुढे काय झाले? त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. तेथे ग्रीन नावाचा गोरा शिपाई त्याच्या राखणीस होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत विशीतल्या त्या राजाचा अंत झाला.

या प्रकरणातील पुराव्यांची मांडणी करून पाहिली तर मन विषण्ण होते. वर्तमानपत्रांजवळ जो पुरावा होता तो खोटा निघाला. म्हणून सरकारपक्षाचे म्हणणे खरे ठरले काय? तसे मुळीच नाही. न्यायालयापुढे प्रश्न बर्व्यांच्या अब्रूचा होता. राजाच्या मनाची चौकशी त्या खटल्यात व्हायचीच नव्हती. राजाला वेडा म्हणणारे, त्याला सांभाळणारे, त्याचे संस्थान चालवणारे आणि त्याच्या मृत्यूनंतर चौकशी करणारे, हे सारे एकाच सत्तेच्या अधिकाराखाली होते. विरोधी मत देऊ शकेल असा, सरकारचे मीठ न खाणारा एकही जाणकार त्या खोलीत शिरू शकत नव्हता. आणि खुद्द राजाचे म्हणणे तर वेड्याचेच म्हणणे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ पासून वेडासंबंधीचे तीन कायदे होते. त्यांतील एकानुसार मालमत्ता असलेल्या माणसाला वेडा ठरवण्यापूर्वी दिवाणी न्यायालयाने चौकशी करणे आवश्यक होते. हा कायदाही काही फार दयाळू नव्हता. तरी एखाद्या जिल्ह्यातील मध्यम सावकाराला त्याने दिलेले एवढे संरक्षण शिवछत्रपतींच्या गादीवरील दत्तकपुत्राला मिळाले नाही. संस्थानिक असल्यामुळे तो कायद्याच्या वर होता, म्हणजे प्रत्यक्षात कायद्याच्या बाहेर होता.

इथे एक अडचणीची गोष्टही नोंदवली पाहिजे. या मृत्यूनंतर १७ मार्च १८८४ रोजी जयसिंगराव घाटग्यांचे पुत्र यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. महाराष्ट्राच्या इतिहासाला या घटनेने जे दिले त्याची मोजदाद करणे नको. पण पुढचे राज्य लोककल्याणाचे झाले म्हणून मागच्या राजाच्या मनाचा निवाडा न्याय्य झाला असे होत नाही. आपल्या इतिहासलेखनाने या दोन गोष्टींची गल्लत करून चौथ्या शिवाजी महाराजांना जवळजवळ विसरूनच टाकले आहे.

ज्या मनाविषयी इतरांनीच बोलायचे, त्या मनाला थेट बोलते करता आले तर? बखरकार नको, कारभारी नको, बनावट पत्रे नकोत. मेंदूच स्वतःची नोंद देईल! हे स्वप्न विसाव्या शतकाने दाखवले. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्-लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. फेफऱ्याच्या निदानात या आलेखाने फार मोठे काम केले आहे. मात्र लहरी टिपणे वेगळे आणि त्या लहरींतून एखादी विशिष्ट आठवण वाचणे वेगळे. पहिली गोष्ट विज्ञानाने साधली. दुसरी साधली असे जिथे मोठ्या आत्मविश्वासाने गृहीत धरले गेले, ते ठिकाण दुर्दैवाने आपला महाराष्ट्र होता.

बनावट मुद्रांक घोटाळ्यातील अब्दुल करीम तेलगी याची २००३ मध्ये नार्को चाचणी झाली आणि औषधाच्या अमलाखाली तो बरळतो आहे हे दृश्य लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच प्रकरणात चाचण्यांच्या सक्तीला आव्हान दिले गेले, तेव्हा २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चाचण्यांच्या बाजूने निर्णय दिला. ब्रेन मॅपिंगपुरता त्यातील युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे : या चाचणीत आरोपी काही बोलतच नाही, मग त्याला स्वतःविरुद्ध निवेदन करायला लावले असे कसे म्हणता येईल? तोंड मिटलेले आहे ना, मग मौनाचा हक्क शाबूत आहे!

या विचाराचा पुढचा टप्पा जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात दिसला. पूर्वीच्या वाग्दत्त वराच्या खुनाच्या आरोपावरून एका तरुण विद्यार्थिनीला जन्मठेप झाली आणि निकालपत्रात इतर पुराव्यांच्या जोडीने ‘बीईओएस’ या चाचणीच्या निष्कर्षाला स्थान मिळाले. ही पद्धत चंपादी रामन मुकुंदन या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केली होती. आरोपीच्या डोक्यावर तीसेक इलेक्ट्रोड असलेली टोपी चढवतात. तो डोळे मिटून गप्प बसतो. मग त्याला प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवतात : मी अमुक ठिकाणी गेलो, मी तमुक वस्तू विकत घेतली. ऐकलेली गोष्ट आणि स्वतः अनुभवलेली गोष्ट यांच्या लहरी निराळ्या असतात व संगणक तो फरक ओळखतो, असा दावा आहे. चाचणी मुंबईच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत झाली. त्या तरुणीने तिला संमती दिल्याची नोंद होती. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ती दोषी होती की निर्दोष, याच्याशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. प्रश्न आहे तो त्या टोपीचा.

स्मृती ही कपाटात ठेवलेल्या दप्तरासारखी जशीच्या तशी पडून राहत नाही. दर वेळी आठवताना ती नव्याने जुळवली जाते, हे स्मृतीच्या अभ्यासाचे एक ठाम अनुमान आहे. ज्या माणसाची कित्येक दिवस चौकशी झाली आहे, ज्याला आरोपाचा तपशील पुनःपुन्हा ऐकवला गेला आहे, त्याने ती घटना मनात शंभरदा पाहिलेली असते, मग ती त्याने केलेली असो वा नसो. अशा मनातील कल्पना आणि अनुभव यांच्या लहरी खात्रीने वेगळ्या काढता येतात, हे सिद्ध करायचे तर त्रयस्थ प्रयोगशाळांत, आंधळ्या चाचण्या घेऊन, चुकांचे प्रमाण जाहीर करून सिद्ध करावे लागते. तशी सिद्धता होण्यापूर्वीच हे तंत्र न्यायालयात जाऊन पोहोचले होते.

ही गोष्ट कोणी सांगितली, याला माझ्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००८ मध्येच या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले आणि गुन्ह्याच्या तपासात ती वापरू नये असे सुचवले. म्हैसूर संस्थानाने चालवलेल्या वेड्यांच्या इस्पितळातून वाढत आलेली ही संस्था १९७४ मध्ये आजच्या रूपात उभी राहिली, ती सरकारी पैशावर. स्वतः मुकुंदन यांनीही याच संस्थेत दीर्घ काळ काम केले होते. म्हणजे चाचणी करणारी प्रयोगशाळा सरकारी, चाचणी कच्ची आहे असे सांगणारी समितीही सरकारी संस्थेच्या संचालकाची. मग फरक कुठे पडला? महाराष्ट्रातील न्यायसहायक प्रयोगशाळा गृहखात्याखाली येतात. त्यांच्याकडे तपास अधिकारी प्रश्न घेऊन येतो आणि त्याला उत्तर हवे असते. निम्हान्ससारख्या संस्थेला ‘हे आम्हाला अजून कळलेले नाही’ असे म्हणण्याची मुभा असते. असे म्हटल्याने तिचे काम अडत नाही. किंबहुना तेच तिचे काम असते. सार्वजनिक पैसा दोन्हीकडे जातो. एकीकडे तो उत्तर विकत घेतो, दुसरीकडे शंका घेण्याचे स्वातंत्र्य राखतो. नगरच्या किल्ल्यातील त्या तरुण राजाला जे मिळाले नाही ते हेच होते : सत्तेच्याच तिजोरीतून वेतन घेऊनही सत्तेला नकार देऊ शकेल असा जाणकार.

अशा दुसऱ्या प्रकारच्या कामाचा एक नमुना मुंबईचाच आहे. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी चालताना तोल जाणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांकडे लक्ष दिले. एका वस्तूवरून दुसरीकडे नजर फिरवताना या रुग्णांचे डोळे विलक्षण संथ हलत. अशी नऊ कुटुंबे गोळा करून १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी एका आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तो विकार आज जगभर वेगळ्या प्रकारात गणला जातो आणि त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. या संशोधनाला कोणाला दोषी ठरवायचे नव्हते. रुग्ण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गरजेने आले होते आणि डॉक्टरला घाई नव्हती. सरकारी इस्पितळातील ओपीडीत बसून मेंदूचे केवढे ज्ञान मिळवता येते, हे त्या नऊ कुटुंबांनी आपल्याला दाखवून दिले.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला. नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या सक्तीने घेता येणार नाहीत, त्याने घटनेच्या विसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांतील संरक्षणाचा भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले. तोंड मिटलेले असले तरी मेंदूतून काढलेला प्रतिसाद ही साक्षच आहे, हे इथे प्रथम स्पष्टपणे मान्य झाले. मात्र संमतीची वाट मोकळी राहिली. कोठडीत बसलेल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न त्या वाटेवर अजून उभाच आहे. सक्तीच्या नार्को चाचणीची तयारी पुन्हा कोणी दाखवावी आणि सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पुन्हा एकदा तीच सीमा आखून द्यावी, असेही घडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर १८५८ चे गृहीतकच उलटे केले : प्रत्येक माणूस स्वतःच्या उपचाराविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहे असे मानूनच आरंभ करायचा, आणि पुढे ते सामर्थ्य गेलेच तर आपल्याला कसे वागवावे हे त्याने आधीच लेखी सांगून ठेवायचे. नगरच्या किल्ल्यात असा कागद कोणी वाचला असता काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दरम्यान यंत्रे फार पुढे गेली आहेत. अमेरिकेने २०१३ मध्ये आपला मोठा मेंदू-प्रकल्प जाहीर केला. युरोपचा प्रकल्प त्याच वर्षी सुरू होऊन २०२३ मध्ये संपला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या खाजगी कंपनीने एका पक्षाघातग्रस्त माणसाच्या मेंदूत पहिली चकती बसवली आणि तो केवळ मनाने संगणकाचा बाण हलवू लागला. हातपाय गमावलेल्या माणसाला हे वरदान आहे, त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूतील नोंदींना आपल्या राज्यघटनेत संरक्षण दिले. आपल्या २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यात मेंदूच्या नोंदींसाठी वेगळी तरतूद नाही. आपल्याकडे मेंदूसंशोधनाला अधिक सरकारी निधी हवा, अशी मागणी वारंवार होते आणि ती रास्तच आहे. तिच्या जोडीला आणखी दोन साधे प्रश्न विचारले जावेत. तो निधी कोणत्या खात्याच्या दाराने येतो? आणि त्या पैशातून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे असे सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी पगार मिळतो आहे काय?

सज्जाकोठीच्या भिंतींवर आता पर्यटकांनी कोरलेली नावे आहेत. आत राहिलेल्याचे मन कसे होते, हे त्या भिंती सांगत नाहीत. बेंद्रे आणि गोखले यांना ते शोधायला कागदपत्रे होती, वेळ होता, आणि बखरीला खोटे म्हणण्याची मोकळीक होती. तरी त्याला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. चौथ्या शिवाजी महाराजांच्या बाबतीत ते काम अजून व्हायचे आहे.